जाळले ते कागद होते : १८७५ च्या दंग्यांविषयी एक आक्षेप

१/
मे महिना आला की १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवरचा ठरावीक मजकूर समाजमाध्यमांवर फिरू लागतो. परप्रांतातून आलेला लोभी सावकार, पिचलेला मराठी कुणबी आणि एके दिवशी उसळलेला संताप. खाली प्रतिक्रियांत आजच्या व्यापाऱ्यांची आडनावे घेऊन शिवीगाळ. या मांडणीला माझा आक्षेप आहे. तो शिष्टाचारापोटी नाही, पुराव्यापोटी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी घटना. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्याच्या सुपे गावी भोवतालच्या खेड्यांतील रयत जमली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. (नगरकरांसाठी खुलासा : हे सुपे आजच्या बारामती तालुक्यातले. आपल्या पारनेर तालुक्यातील, औद्योगिक वसाहतीचे सुपे वेगळे. दोहोंची गल्लत नेहमी होते.) तेथून हे लोण नगर जिल्ह्यात आले. श्रीगोंदे, पारनेर, नगर आणि कर्जत या तालुक्यांत गावामागून गाव उठले. दोन्ही जिल्हे मिळून तीसहून अधिक गावांत दंगा झाला. ९५१ माणसे पकडली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक दोषी ठरली.

३/
आता ही माणसे मागत काय होती, ते पाहा. जवळजवळ सर्वत्र मागणी एकच : खतपत्रे आणि वह्या बाहेर काढा. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. तरीही जिथे सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले, तिथे जमावाने ते जाळले आणि तो माघारी गेला, असेच बहुधा घडले. माणसांवर हात टाकल्याचे प्रसंग तुलनेने थोडे. केवळ लुटीसाठी आलेला जमाव धान्य नेतो, दागिने नेतो. दस्तऐवजांची होळी करण्यात त्याला काय रस?

४/
‘सावकाराचा द्वेष तर जुनाच होता,’ असे यावर म्हटले जाईल. होता. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, देवगावच्या राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात सावकारांवर छापे घातले. सावकारांची नाके कापल्याच्या हकिकती त्याच बंडातल्या. २ मे १८४८ रोजी राघोजींना ठाण्यात फाशी झाली. त्या बंडात राग सावकाराच्या देहावर निघाला. १८७५ मध्ये तो कागदावर निघाला. मधल्या सत्तावीस वर्षांत माणसाच्या देहापेक्षा त्याच्या पेटीतील कागद अधिक भयंकर कसा झाला, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि व्हायरल मजकुरात नेमका तोच नसतो.

५/
पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात जुन्या काळच्या कर्जवसुलीचे वर्णन आहे. धनको स्वतः तगादा लावी. ऋणकोच्या दारात माणूस बसवी, धरणे धरी. प्रकरण चिघळले तर पंचायत बसे. व्याजाला दामदुपटीची मर्यादा होती : मुद्दलाइतके व्याज झाले की पुढे व्याज चढत नाही. वसुलीसाठी सावकाराला त्याच गावात, त्याच पाटला-कुलकर्ण्यांच्या देखत उभे राहावे लागे. गावाशी वैर करून वसुली होत नसे.

६/
या व्यवस्थेचे गोडवे मी गात नाही. पंचायतीत दुबळ्या जातींच्या माणसाला न्याय मिळेच, याची खात्री कोणी द्यावी? दारात बसलेला तगादेदार अपमानही करी. मुद्दा इतकाच की धनको आणि ऋणको यांच्या बळात जो फरक होता, त्याला गावाच्या उपस्थितीने काहीसा बांध घातलेला होता.

७/
बांध एका दिवसात फुटला नाही. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या नियमावलीत व्याजाचा दर शेकडा १२ वर रोखलेला होता. १८५५ मध्ये व्याजावरील असे निर्बंध कायद्याने उठवले गेले; करार करणाऱ्या दोघांनी ठरवला तो दर, हे नवे तत्त्व. लंडनमध्ये व्याजनिर्बंध नुकतेच उठले होते, मग ते सुप्यात आणि श्रीगोंद्यात का नसावेत, असा तो विचार. आणि १८५९ मध्ये दोन कायदे आले, ज्यांच्याभोवती हा सगळा धागा फिरतो : मुदतीचा कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहिता.

८/
हे कायदे केले कोणी? कलकत्त्याच्या विधिमंडळाने. त्या मंडळात १८५९ साली एकही हिंदी सभासद नव्हता. पहिले तिघे नेमले गेले १८६२ मध्ये. त्यांत एक मराठी माणूस होता, ग्वाल्हेरचे दिवाण दिनकरराव राजवाडे. बाकीचे दोघे पतियाळाचे महाराज आणि बनारसचे एक राजे. कुणब्याच्या वतीने बोलणारे कोणी नाही, हे वेगळे सांगायला नको.

९/
मुदतीचा कायदा. हा या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून थोडा विस्तार करतो.

पूर्वी लेखी रोख्यावर दावा लावायला दीर्घ अवधी मिळे. नव्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू उदात्त होता : जुनी कर्जे पिढ्यान्‌पिढ्या तुंबू नयेत, व्याजाचा डोंगर साचू नये, धनकोने वेळेत दावा लावावा. कागदावर वाचले तर हा ऋणकोच्या बाजूचा कायदा वाटतो.

१०/
प्रत्यक्षात काय झाले, ते एका कल्पित हिशेबाने पाहू. १०० रुपये कर्ज, दरमहा शेकडा २ व्याज. तीन वर्षांत व्याज ७२. मुदत संपत आली की सावकार म्हणतो, एक तर कोर्टात चल, नाही तर नवा रोखा लिहून दे. कुणबी रोखा लिहून देतो. आता मुद्दल १७२. आणखी तीन वर्षांनी तेच. मुद्दल जवळजवळ २९६. नवव्या वर्षाअखेर देणे ५०९ च्या आसपास.

११/
हेच कर्ज एकाच रोख्यावर नऊ वर्षे चालले असते तर? साध्या व्याजाने २१६ रुपये व्याज. पण दामदुपटीमुळे व्याज १०० वर थांबले असते. एकूण देणे २००. नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दल होऊन बसते, म्हणजे दामदुपटीची गणती दर तीन वर्षांनी नव्याने सुरू. दामदुपट कोणी रद्द केली नाही. तिला वळसा घालण्याची वाट मात्र सरकारने बांधून दिली. शिवाय दरवेळी मुद्रांकाचा खर्च आणि लिखणावळ कुणब्याच्याच खात्यावर.

१२/
दोनशे आणि पाचशेनऊ यांमधला हा फरक कोणत्याही जातीच्या स्वभावातून निघत नाही. तो एका कलमातून निघतो.

१३/
आता दुसरा कायदा. दिवाणी प्रक्रिया संहितेने दाव्याची रीत देशभर एकसारखी केली : अर्ज, समन्स, पुरावा, हुकूमनामा, जप्ती, लिलाव. एकसारखेपणात वाईट काय, असे वाटेल. पण कोर्ट तालुक्याच्या किंवा त्याहून दूरच्या गावी. समन्स कधी पोहोचे, कधी पोहोचल्याचे नुसतेच लिहिले जाई. पोहोचले तरी ऐन पेरणीत औत सोडून जायचे कोणी? प्रतिवादी गैरहजर, म्हणून एकतर्फी हुकूमनामा. असे हुकूमनामे इतके सर्रास झाले की पुढे चौकशी आयोगालाही त्यांची दखल घ्यावी लागली.

१४/
आणि हजर राहूनही काय साधणार? न्यायाधीशासमोर रोखा आहे. रोख्यावर कुणब्याची निशाणी आहे, नांगराची. पन्नास घेऊन शंभर लिहून दिले, हे सिद्ध करायला त्याच्याजवळ दुसरा कागद नाही. फेडीची पावती सावकाराने कधी दिलीच नाही. कोर्टाला करारामागची हकिकत विचारायचीच नव्हती. सही केली का? केली. मग दावा मंजूर. त्यानंतर घर, बैल आणि भांडी यांवर जप्ती, आणि देणे न भागल्यास ऋणकोला दिवाणी तुरुंगात धाडण्याची मुभा.

१५/
‘सरकारला हे ठाऊक नव्हते,’ ही सबब चालणार नाही. दख्खनच्या जमीन-मोजणीत ज्यांचे नाव आहे ते जॉर्ज विंगेट १८५२ मध्येच लिहून चुकले होते की कायद्याने ऋणकोला पूर्णपणे धनकोच्या हाती दिले आहे. इशारा घरच्याच अधिकाऱ्याचा होता. त्यानंतर तीन वर्षांनी व्याजमर्यादा उठली आणि सात वर्षांनी वरचे दोन कायदे झाले. माझ्या मते १८७५ च्या प्रकरणात सर्वांत दोषी कागद कोणता असेल, तर फाइलला लावून ठेवलेला तो इशारा.

१६/
पाठ्यपुस्तकांतील बाकीची कारणे थोडक्यात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, हात आखडले. १८६७ पासून इंदापुरापासून सुरू झालेल्या फेरआकारणीत सारा काही ठिकाणी दीडपट ते दुप्पट झाला. दोन्ही खरे. मात्र नगर जिल्ह्यातील जी गावे उठली, त्यांतील अनेकांत तोवर फेरआकारणी झालेलीच नव्हती. सारावाढ हेच मुख्य कारण मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

१७/
नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मधील लेखात तर या दंग्यांच्या थोरवीलाच ‘मिथक’ ठरवले : गावे थोडी, काळ अल्प, जमिनीचे हस्तांतरही सांगितले जाते तितके प्रचंड नव्हते. संख्येबाबत ते बरोबर असतील. पण तीस-पस्तीस गावांनी परस्परांपासून दूर असताना एकच वस्तू जाळली, याचा अर्थ संख्येने लहान होत नाही. त्या बाबतीत रवींद्रकुमार यांची मांडणी मला अधिक पटते. इंग्रजी राज्याच्या कायद्यांनी कुणबी आणि वाणी यांच्यातील जुने नाते कसे उसवले, ते त्यांनी दाखवले आहे.

१८/
दंग्याच्या पाच महिने आधीचे करड्याचे प्रकरण हेच सांगते. डिसेंबर १८७४, शिरूर तालुका. काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूम मिळवला आणि राहत्या घरावर हात घातला. देशमुख म्हणजे वतनदार, गावातला मानकरी. त्याच्या घराचीही हीच गत, तर इतरांचे काय? गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन करायची नाही, त्यांच्या दुकानातून जिन्नस घ्यायचा नाही, त्यांची कामे करायची नाहीत. बहिष्कार आसपास पसरला. दंगा त्यानंतर आला. लोकांनी आधी जुने, गावाचे हत्यार वापरून पाहिले होते, हे लक्षात असू द्या.

१९/
आता माझ्या मताविरुद्ध जाणारा सर्वांत मोठा पुरावा. आयोगाने स्वच्छ नोंदवले आहे की हल्ले बहुतेक मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले; एकाच गावात ब्राह्मण सावकारही असला तर त्याला सहसा हात लागला नाही. मग हा परप्रांतीयांविरुद्धचाच उठाव नव्हे काय?

२०/
परकेपणाची चीड होती, हे मी नाकारत नाही. पण ती कशाने धारदार झाली, ते पाहावे. ब्राह्मण सावकार बहुधा गावातला कुलकर्णी, जोशी, इनामदार. त्याला गावाशी दहा धाग्यांनी बांधलेले. त्याचेही व्याज गोड नव्हते. बाहेरून आलेल्या सावकाराजवळ यांतले काही नव्हते. त्याचा सगळा धंदा रोखा आणि कोर्ट या दोहोंवर उभा होता. नव्या कायद्याने ज्याला सर्वाधिक बळ दिले, तोच गावाला सर्वाधिक उघडा दिसला. ब्राह्मण सावकार सुटला म्हणून तो दयाळू ठरत नाही, आणि मारवाडी सापडला म्हणून एखादी जात गुन्हेगार ठरत नाही. आज त्या आडनावांच्या मुलांना प्रतिक्रियांत १८७५ ची आठवण करून देणारे लोक इतिहास सांगत नसतात. ते इतिहासाच्या आडून वेगळेच काही साधत असतात.

२१/
सरकारने काय केले? मुंबई सरकारला प्रकरण फार गंभीर वाटत नव्हते. हिंदुस्थान सरकारला १८५७ ची आठवण ताजी होती. त्याच्या रेट्याने चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ नगर-सोलापुरावरून फिरून गेला. १८७९ च्या आरंभी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. आणि मग कुठे ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. दंग्यापासून साडेचार वर्षे.

२२/
या कायद्याची कलमे वाचताना अंगावर काटा येतो. प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घ्यावी. रोख्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास न्यायालयाने तपासावा. दामदुपट पाळावी. शेतकऱ्याला कर्जापोटी कैद नाही. स्पष्टपणे गहाण टाकलेली नसेल तर जमिनीचा लिलाव नाही. दाव्याआधी समेटकर्त्यापुढे जावे. दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा. पावती द्यावी. लहान दाव्यांत वकील नको. मुदत वाढवून साध्या रोख्याला सहा वर्षे, नोंदणीकृत दस्ताला बारा.

२३/
ही यादी उलटी धरून वाचा. प्रत्येक कलम म्हणजे आधीच्या वीस वर्षांत काय घडत होते, याची सरकारी कबुली. पावती द्यावी, म्हणजे मिळत नव्हती. प्रतिवादीला ऐकावे, म्हणजे ऐकले जात नव्हते. आणि मुदत पुन्हा वाढवली, म्हणजे तीन वर्षांचा तो ‘ऋणकोहिताचा’ नियम ऋणकोलाच गिळत होता. हे सारे श्रीगोंद्याच्या एखाद्या शेतकऱ्याला १८६० मध्येच विचारता आले असते. विचारले नाही. कागद जाळल्यावर विचारले.

२४/
म्हणूनच ‘इंग्रजांनी कायदा करून शेतकऱ्याला वाचवले’ हा दुसरा लोकप्रिय मजकूरही मला तितकाच अमान्य आहे. खुद्द हा कायदाही वरूनच आला आणि त्यालाही वाट सापडली. गहाणखताची चौकशी होते ना? मग गहाणखत लिहायचेच नाही. सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे. पैसे फेडलेस की जमीन परत देईन, हे फक्त तोंडी. कायद्याच्या लेखी तिथे कर्ज नाही, ऋणको नाही, दामदुपट नाही. पुढे ‘शेतकरी’ कोणाला म्हणावे यावरच दावे लढले गेले.

२५/
खरेदीखत हे वास्तवात गहाण होते, असे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा देणारी दुरुस्ती आली १९०७ मध्ये. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. न्यायमूर्ती रानडे या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश होते. इतका जाणता माणूस अंमलबजावणीला असूनही पळवाट बुजवायला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

२६/
हे सारे जुने झाले असे ज्यांना वाटते, त्यांनी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ उघडावा. सावकारीच्या व्यवहारात हडपलेली स्थावर मालमत्ता परत मिळवून देण्याची तरतूद त्यात आहे, कारण कर्जाच्या बदल्यात खरेदीखत लिहून घेण्याची चाल एकशेतीस वर्षांनंतरही जिवंत होती. अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला. अर्ज कोणी करायचा? जमीन गेलेल्या शेतकऱ्याने. पुरावा कोणी आणायचा? त्यानेच. अठराव्या कलमाचे शब्द आणि १९०७ ची दुरुस्ती शेजारी ठेवून वाचा, मग बोलू.

२७/
आणि तरुण मित्रहो, मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या अटी न वाचता ‘मान्य आहे’वर आपण जे बोट ठेवतो, ती आपली नांगराची निशाणीच. फरक इतकाच की त्या कुणब्याला वाचता येत नव्हते.

२८/
शेवटी एक विनंती. नगर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत भागांतील ज्यांच्या घरी माळ्यावर किंवा जुन्या पेटीत मोडी लिपीतील कर्जरोखे, फेडीच्या पावत्या, खरेदीखते असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. सावकाराच्या घरची असोत वा ऋणकोच्या, दोन्ही हवीत. मोडी वाचता येत नसेल तर स्वच्छ उजेडात, मागची-पुढची अशी दोन्ही पाने येतील असे छायाचित्र काढून ठेवा. मोडी वाचणारी माणसे नगरमध्ये आहेत. विशेषतः १८५९ ते १८७९ मधला, एकाच कर्जाचा तीन-तीन वर्षांनी नव्याने लिहिलेला रोखा कोणाकडे असेल, तर इथे खाली कळवा. वर मी हिशेब कल्पित घेतला आहे. खरा हिशेब तुमच्या माळ्यावर असू शकतो.